गुडघ्यातील अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर अस्थिबोगद्याचे रुंदावणे : कारणमीमांसा, मापन आणि महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

सारांश

गुडघ्यातील अग्र क्रुशिएट अस्थिबंध तुटल्यानंतर त्याची पुनर्रचना करण्यासाठी मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडले जातात आणि त्यांतून रुग्णाचीच कंडरा ओवून बसविली जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत हे बोगदे मूळ व्यासापेक्षा रुंद होत असल्याचे अनेक रुग्णांत आढळते. प्रस्तुत लेखात या घटनेची यांत्रिक व जैविक कारणे, तिच्या मापनातील अडचणी आणि तिचे परिणाम यांचे विवेचन केले आहे. बोगदा रुंदावणे म्हणजे शस्त्रक्रिया फसणे नव्हे. मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेचे स्वरूप व कालावधी यांवर त्याचा निर्णायक परिणाम होतो. म्हणूनच पहिल्या बारा आठवड्यांतील काळजी, शस्त्रक्रियेच्या नोंदींचे जतन आणि मैदानावर परतण्याचा योग्य काळ या तीन बाबींत महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अग्र क्रुशिएट अस्थिबंध, कंडरारोप, अस्थिबोगदा, पुनर्वसन, महाविद्यालयीन क्रीडा.

१. प्रस्तावना

गंगापूर तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत कबड्डी आणि खो-खो हे केवळ खेळ नसतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील निवड, विद्यापीठाच्या संघातील स्थान, क्रीडागुण आणि पोलीस वा सैन्यभरतीची आशा अशा अनेक गोष्टी त्यांच्याशी निगडित असतात. चढाई करताना एकाएकी दिशा बदलणे, पकडीत पाय अडकलेला असताना धड फिरणे, खो-खोच्या खांबाजवळ वेगात वळणे या सर्व क्रियांत गुडघ्यावर पीळ पडतो. तालुक्याच्या पूर्वेकडील वाळूज औद्योगिक पट्ट्यात दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या तरुणांची संख्याही मोठी आहे. खेळ आणि दुचाकीचे अपघात ही आपल्याकडे गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याची दोन ठळक कारणे आहेत.

अशी दुखापत झालेला विद्यार्थी उपचारासाठी शहरात जातो. कोणी खासगी रुग्णालयात, तर कोणी 'घाटी' या नावाने मराठवाडाभर परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल होतो. शस्त्रक्रिया होते, काही दिवसांत त्याला घरी पाठविले जाते आणि पुढचे सर्व महिने तो गावात व महाविद्यालयात काढतो. गुडघ्याच्या आत जे बरे व्हायचे किंवा बिघडायचे असते, ते बहुतांशी याच काळात घडते. हा काळ आपल्या डोळ्यांसमोर जात असल्यामुळे त्यात हाडाच्या आत नेमके काय चालते, हे प्राध्यापकवर्गाला ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

२. पुनर्रचनेची पार्श्वभूमी

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देऊन जोडतात. त्यांपैकी पुढचा तो अग्र क्रुशिएट अस्थिबंध होय. 'एसीएल' या इंग्रजी आद्याक्षरांनीच तो खेळाडूंत ओळखला जातो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळताना त्याला आवर घालणे, ही त्याची कामे आहेत. तो पूर्ण तुटल्यास सहसा आपोआप पूर्ववत सांधत नाही. म्हणून पळताना वारंवार गुडघा निसटणाऱ्या तरुण खेळाडूंत त्याच्या जागी दुसरी कंडरा बसविली जाते. या लेखात तिला कंडरारोप असे म्हटले आहे. रुग्णालयात तिला 'ग्राफ्ट' म्हणतात.

ही कल्पना शतकाहून जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शल्यविशारद हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायुआवरणाची पट्टी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून या अस्थिबंधाची पुनर्रचना केल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला भाग वापरण्याची पद्धत मांडली. जपानमधील कुरोसाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये बोगद्यात कंडरारोपाशेजारी स्क्रू पिळून तो पक्का करण्याच्या पद्धतीची ताकद प्रयोगाने दाखवून दिली. पुढे १९९०च्या दशकात मांडीच्या मागील बाजूच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या कंडरा दुहेरी-चौपदरी करून वापरण्याची पद्धत रूढ झाली. त्या कंडरा धाग्याच्या फाशाने हाडाबाहेरील धातूच्या छोट्या बटणाला टांगल्या जाऊ लागल्या. याच दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या क्ष-किरण चित्रांत बोगदे रुंद झालेले दिसतात, याकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले.

३. हाडात कंडरा कशी रुजते

पुनर्रचना यशस्वी होण्यासाठी कंडरारोप बोगद्याच्या भिंतीशी एकजीव व्हावा लागतो. वाटीखालील कंडरा घेताना तिच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. बोगद्यात हाडाला हाड लागते आणि साधा अस्थिभंग जुळावा तसे ते साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत जुळते. हॅमस्ट्रिंग कंडरेच्या टोकाला मात्र हाड नसते. तेथे मऊ ऊतक आणि कठीण भिंत यांच्यामध्ये आधी दाहजन्य मऊ ऊतकाचा थर तयार होतो, नंतर त्यात कोलॅजनचे तंतू भिंतीकडे वाढतात आणि शेवटी ते हाडात रोवले जातात.

न्यूयॉर्कचे स्कॉट रोडियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला श्वानांवरील प्रयोग या संदर्भात पायाभूत मानला जातो. नडगीच्या हाडातील छिद्रात बसविलेली कंडरा ओढून पाहिली असता दुसऱ्या, चौथ्या व आठव्या आठवड्यांत ती बोगद्यातून निसटून आली. बाराव्या आठवड्यात मात्र तसे झाले नाही. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही पहिल्या बारा आठवड्यांत कंडरारोप हाडाच्या नव्हे तर मुख्यतः स्क्रू-बटणाच्या भरवशावर असतो, ही बाब त्यातून स्पष्ट होते. बाहेरून जखम भरलेली, सूज उतरलेली आणि चालणे सुधारलेले असते; आतले काम तेव्हा अर्ध्यावर असते.

४. बोगदा का रुंदावतो

बोगदा रुंदावण्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. यांत्रिक आणि जैविक अशी दोन प्रकारची कारणे एकत्रित काम करतात, असे आज मानले जाते.

यांत्रिक कारण समजण्यासाठी शेतातील गुरांच्या खुंट्याचे उदाहरण पुरेसे आहे. खुंटा जमिनीत घट्ट ठोकलेला असतो. पण बांधलेला बैल रोज दाव्याला हिसके देत राहिला, तर खुंट्याभोवतीची माती मोकळी होत जाते. खुंटा उपटून येत नाही; त्याचे भोक मात्र, विशेषतः तोंडाशी, रुंद होते. त्या भोकात पावसाचे पाणी मुरले तर काळी माती आणखी लवकर सुटते. गुडघ्यात असेच दोन प्रकारचे हिसके बसतात. गुडघा वाकताना-सरळ होताना कंडरारोप बोगद्याच्या लांबीच्या दिशेने किंचित मागेपुढे ताणला जातो. टांगण्याचा बिंदू सांध्यापासून जितका दूर, तितकी ही हालचाल अधिक. याशिवाय तो बोगद्याच्या तोंडाशी मोटारीच्या काचेवरील वायपरप्रमाणे आडवाही घासतो. या सूक्ष्म हालचालींमुळे कंडरा आणि भिंत यांच्यातील जोड लांबतो.

जैविक कारण त्या मुरणाऱ्या पाण्यासारखे आहे. सांध्यातील वंगणद्रव कंडरारोप व भिंत यांच्यातील फटीतून बोगद्यात शिरतो. दुखापतीनंतर आणि शस्त्रक्रियेनंतर या द्रवात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ यांसारखी दाहकारक प्रथिने असतात. ती हाड झिजविणाऱ्या पेशींना उत्तेजन देतात. छिद्र पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने भिंतीवरील पेशींचा नाश होणे, बोगद्यापेक्षा कंडरारोप बारीक असल्याने राहिलेली पोकळी, तसेच शरीरात विरघळणाऱ्या काही स्क्रूंभोवती होणारी प्रतिक्रिया हेही घटक नोंदविले गेले आहेत.

या सर्व कारणांमुळे वाटीखालील कंडरेपेक्षा हॅमस्ट्रिंग कंडरेच्या बाबतीत, आणि सांध्यालगत पक्के करण्यापेक्षा दूरवर टांगण्याच्या पद्धतीत, रुंदावण्याचे प्रमाण सामान्यतः अधिक आढळले आहे. याचा अर्थ दुसरी पद्धत चुकीची आहे, असा नाही. हॅमस्ट्रिंग पद्धतीत गुडघ्याच्या पुढील भागातील वेदना कमी असते, आणि गुडघे टेकणे व जमिनीवर बसणे ज्यांना रोजच्या व्यवहारात करावे लागते त्यांच्यासाठी हा लाभ लहान नाही. निवड ही प्रत्येक रुग्णागणिक शल्यविशारदाने करावयाची असते.

५. मापन : संख्या काळजीपूर्वक वाचण्याची गरज

रुंदावणे मोजण्याचे सूत्र सोपे आहे. नंतरच्या व्यासातून मूळ व्यास वजा करून आलेल्या वाढीला मूळ व्यासाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. तथापि या सोप्या सूत्रात तीन ठिकाणी फसगत होऊ शकते.

पहिली बाब व्यास आणि क्षेत्रफळ यांतील फरकाची आहे. ८ मिलिमीटरचा बोगदा १२ मिलिमीटर झाला, तर व्यासातील वाढ ५० टक्के असते. छेदाचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ५० वरून ११३ चौरस मिलिमीटरवर जाते, म्हणजे वाढ १२५ टक्के होते. त्याच गुडघ्यासाठी एक अहवाल ५० टक्के आणि दुसरा १२५ टक्के सांगू शकतो आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

दुसरी बाब प्रतिमेच्या मोठेपणाची आहे. साध्या क्ष-किरण चित्रात वस्तू मूळ आकारापेक्षा मोठी दिसते. हे मोठेपण १० टक्के असेल तर ८ मिलिमीटरचा बोगदा ८.८ मिलिमीटर भासतो. प्रत्यक्षात काहीही वाढलेले नसते.

तिसरी बाब छेदाच्या कोनाची आहे. वर्तुळाकार नळी तिरकी कापली की छेद लंबवर्तुळाकार येतो. बोगद्याच्या अक्षाला काटकोनात असलेल्या छेदापासून ४५ अंशांनी कललेल्या छेदात ८ मिलिमीटरच्या बोगद्याची लांब बाजू सुमारे ११.३ मिलिमीटर भरते. म्हणून मापन बोगद्याच्या अक्षाला काटकोनात आणि दर वेळी एकाच पातळीवर करावे लागते. याबाबत सीटी स्कॅन ही साध्या क्ष-किरणांपेक्षा अधिक विश्वसनीय पद्धत मानली जाते. तुलनेसाठी शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेली प्रतिमा उपलब्ध असणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मापनांवरून दिसणारे चित्र साधारणतः असे आहे : रुंदावण्याची बहुतांश क्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घडते, पुढे तिचा वेग मंदावतो आणि एक-दोन वर्षांत बोगदा स्थिरावतो किंवा काही रुग्णांत थोडा आक्रसतोही. त्याचा आकार कधी सरळ नळीसारखा राहतो, कधी सांध्याकडे नरसाळ्याप्रमाणे पसरतो, तर कधी मध्येच फुगतो.

६. परिणाम : भीती कोठे बाळगावी आणि कोठे बाळगू नये

बोगदा रुंद झाला म्हणजे गुडघा सैल झाला, असे समीकरण मांडता येत नाही. बहुसंख्य अभ्यासांत बोगद्याची रुंदी आणि गुडघ्याची स्थिरता यांच्यात थेट संबंध आढळलेला नाही. रुंदावलेल्या बोगद्याचे वेगळे असे दुखणेही नसते. म्हणून अहवालात हा शब्द वाचून विद्यार्थ्याने वा पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न कंडरारोप पुन्हा तुटल्यावर उभा राहतो. दुसऱ्यांदा पुनर्रचना करताना शल्यविशारदाला नवा कंडरारोप घट्ट बसेल अशी भिंत हवी असते. जुना बोगदा फारसा रुंद नसेल तर एकाच शस्त्रक्रियेत काम भागते. तो साधारणतः १४-१५ मिलिमीटरच्या पलीकडे गेला असेल, किंवा नव्या बोगद्याच्या वाटेत अडसर होत असेल, तर आधी तो बहुधा कमरेच्या हाडातून घेतलेल्या अस्थिकणांनी भरावा लागतो. ते हाड पक्के होण्यासाठी सुमारे चार ते सहा महिने थांबावे लागते आणि त्यानंतर दुसरी शस्त्रक्रिया होते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा हिशेब करून पाहावा. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने, बोगदा भरून काढल्यानंतरचे सुमारे पाच महिने आणि दुसऱ्या पुनर्रचनेनंतरचे किमान नऊ महिने मिळून तेवीस महिने होतात. पदवीचा अर्ध्याहून अधिक काळ त्यात जातो. दोन जादा शस्त्रक्रियांचा खर्च, शेतीतील वा घरातील कामाचे नुकसान आणि भरतीची उलटून जाणारी वयोमर्यादा यांची गणना त्यात नाही. पहिल्या वेळी वाचविलेले दोन महिने अशा रीतीने दोन वर्षांना महाग पडू शकतात.

७. महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

(अ) पहिले बारा आठवडे. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीटी स्कॅनवर आधारित अभ्यासात, हॅमस्ट्रिंग पुनर्रचनेनंतर पट्ट्याविना जलद पुनर्वसन केलेल्या गटात बोगदे अधिक रुंदावल्याचे आढळले. यावरून पाय बांधून अंथरुणावर पडून राहावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याने गुडघा आखडतो व मांडीचा स्नायू वाळतो, आणि हे नुकसान अधिक मोठे आहे. गुडघा पूर्ण सरळ करणे, मांडीचा स्नायू जागा ठेवणे आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत वाकविणे आवश्यकच असते. टाळावयाची ती अवेळी केलेली पिळाची, उकिडवे बसण्याची व झटक्याची हालचाल. ग्रामीण जीवनात ती नकळत घडते : भारतीय पद्धतीचे शौचालय, जमिनीवर मांडी घालून जेवणे, मोटारसायकलला किक मारणे, ऊसाच्या ओल्या सरीतून चालणे. महाविद्यालयाने अशा विद्यार्थ्याची परीक्षेची बैठक तळमजल्यावर ठेवणे, प्रात्यक्षिकात त्याला बसून काम करू देणे, उपस्थितीच्या नियमात त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा सहानुभूतीने विचार करणे आणि कमोडची सोय असलेले स्वच्छतागृह उपलब्ध करणे, या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत.

(आ) नोंदींचे जतन. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आल्यास शल्यविशारदाला पहिल्याविषयी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात : शस्त्रक्रियेची तारीख, कोणती कंडरा वापरली, तिचा व दोन्ही बोगद्यांचा मिलिमीटरमधील व्यास, स्क्रू वा बटणाचा प्रकार आणि तो कोणत्या पदार्थाचा आहे, गादीसारख्या कूर्चेची म्हणजे मेनिस्कसची स्थिती, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले क्ष-किरण चित्र. डिस्चार्ज कार्डावर यांपैकी बऱ्याच गोष्टी नसतात. त्या शस्त्रक्रियेच्या सविस्तर टिपणीत असतात. ती टिपणी आणि बसविलेल्या साधनांच्या वेष्टनावरील चिकटपट्टीची प्रत रुग्णाने मागून घ्यावी. घरातील कागद पावसात भिजतात, स्थलांतरात हरवतात. शारीरिक शिक्षण विभागाने विद्यार्थ्याच्या संमतीने या कागदांची एक प्रत गोपनीयता राखून जपली, तर त्या विद्यार्थ्यासाठी ती पदकाहून मोलाची ठरू शकेल.

(इ) मैदानावर परतणे. नॉर्वे व अमेरिका येथील संयुक्त अभ्यासात २०१६ मध्ये असे दिसून आले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबविले जाईल, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटते. केवळ महिने मोजणे मात्र पुरेसे नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद निरोगी पायाच्या किमान ९० टक्के असणे आणि एका पायावरील उडीच्या चाचण्यांत दोन्ही पायांत मोठा फरक नसणे, हे निकषही पाहिले जातात. लांब उडीसाठी वापरली जाणारी मोजपट्टी उडीच्या चाचणीला पुरते. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांना ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला, जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली आणि ते मार्च २०२४ मध्ये स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतले. त्यांच्या दुखापती एका अस्थिबंधापुरत्या मर्यादित नव्हत्या, हे खरे. परंतु सर्व साधने हाताशी असूनही सुमारे पंधरा महिने लागले. कोणत्याही फिजिओथेरपिस्टविना सराव करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला पाचव्या महिन्यात विभागीय स्पर्धेसाठी उतरविणे कितपत योग्य, याचा विचार संघव्यवस्थापकांनी या पार्श्वभूमीवर करावा.

(ई) प्रतिबंध. उडीनंतर योग्य रीतीने उतरणे, तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागील स्नायूंची ताकद वाढविणे यांवर आधारलेल्या पूर्वव्यायामाने अशा दुखापती कमी होतात. फुटबॉलसाठी तयार झालेला 'फिफा ११+' हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम त्याचे उदाहरण होय. समान खेळात मुलींना या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा अधिक असल्याने खो-खो व कबड्डीच्या मुलींच्या संघांसाठी त्याचे अनुकरण विशेष उपयुक्त ठरेल.

८. निष्कर्ष

१) अस्थिबोगद्याचे रुंदावणे ही पुनर्रचनेनंतर वारंवार आढळणारी, यांत्रिक व जैविक कारणांतून उद्भवणारी घटना आहे.
२) ती मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत घडते आणि स्वतःहून गुडघ्याला अस्थिर करतेच असे नाही.
३) मापनाची पद्धत न पाहता रुंदावण्याच्या टक्केवारीवरून निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते.
४) दुसरी शस्त्रक्रिया करावी लागल्यास रुंद बोगद्यामुळे ती दोन टप्प्यांत जाऊन विद्यार्थ्याची दोन वर्षे खर्ची पडू शकतात.

हाडातील छिद्राची रुंदी महाविद्यालयाच्या हाती नाही. पहिल्या बारा आठवड्यांची सवलत, कागदांची एक प्रत आणि नऊ महिन्यांपूर्वी संघाच्या यादीत नाव न घालण्याचा निश्चय मात्र निश्चितपणे आपल्या हाती आहे. हा निश्चय बहुधा विद्यार्थ्यालाच रुचत नाही. तो लवकर खेळण्याचा आग्रह धरतो. अशा वेळी त्याला नकार देणे हेही शिक्षकाच्या कर्तव्यातच मोडते.